तिसरी रेतोर्ता

शब्द

रेतोर्ता. आम्ही तिला 'ती' म्हणतो, 'तो' किंवा 'ते' नाही. जंगलातल्या आमच्या मोकळ्या जागेत अशा चार आहेत, एका ओळीत उभ्या.

"शब्द कसा उच्चारता?" सालोमेआबाईंनी विचारलं. त्या क्राकुफच्या विद्यापीठातून आल्या होत्या, कोळसा पाडणाऱ्यांच्या तोंडचे शब्द गोळा करायला. गुडघ्यावर टेपरेकॉर्डर होता.

"तोंडात विडी असली तर 'रेतोता'," बोस्मान म्हणाला. "नसली तर उच्चारतच नाही. आधी विडी शोधतो."

हसले ते दोघंच, बाई आणि बोस्मान. मुकादम हिपोलित हसला नाही. मी हसले नाही. आमच्या पाठीमागे तिसरी रेतोर्ता जळत होती आणि तिचा धूर पिवळ्याचा निळा होत चालला होता. माझा भाऊ लुद्विक त्या लोखंडाच्या आत असेल, असा आम्हा दोघांना संशय होता. बोस्मानला अजून काही माहीत नव्हतं.

बाईंच्या प्रश्नांचा क्रम मी इथे तसाच ठेवते आहे. दुसरा कुठलाच क्रम मला सुचत नाही.


अर्थ

बाईंनी हवेत बोटानं एक आकार काढला. पोट गोल, मान लांब, ती वाकून खाली आलेली. "मूळ रेतोर्ता ही अशी. काचेची. प्रयोगशाळेत टेबलावर ठेवतात. लॅटिनमध्ये अर्थ होतो, मागे वळवलेली. मानेमुळे."

"हे तर मान टाकून झोपलेलं बदक," बोस्मान म्हणाला. "आमचीला मान नाही बाई. आमची मुकादमासारखी. डोकं थेट पोटावर."

आमची रेतोर्ता म्हणजे लोखंडाचं पिंप, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. खाली एक दार, तिथून पेटवायची. वर झाकण, तिथून भरायची. बाजूला धुराडं.

"मग दोन्हींना एकच नाव का?" बाईंनी विचारलं.

मुकादमाला उत्तर द्यायचं नव्हतं, पण विचारल्यावर उत्तर न देणं त्याला जमत नाही. "काम एकच असेल. आत घालायचं, तोंड बंद करायचं, तापवायचं. जे उडून जाणारं असतं ते उडून जातं. राहतं ते आपलं."

"आणि चांगला कोळसा कसा ओळखायचा?"

"वाजवून. काचेसारखा वाजला पाहिजे. आणि आकारावरून. ज्या आकाराचं आत गेलं त्याच आकाराचं बाहेर यायला हवं. साल, गाठ, फांदीचा बेचका, सगळं जसंच्या तसं. फक्त काळं आणि..."

तो थांबला. मग म्हणाला, "आणि हलकं."

त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. मी बटाटे सोलायला घेतले.


कोणत्या क्रियापदांबरोबर येतो

भरणे. पुकारणे. पेटवणे. लिंपणे. निवू देणे. उघडणे.

"पुकारणे म्हणजे?" बाईंनी त्या एकाच शब्दावर बोट ठेवलं.

मुकादमानं सांगितलं. लाकडं आदल्या दिवशी रचून ठेवतात. सकाळी पेटवण्याआधी मुकादम दारापाशी उभा राहून जागेवरच्या प्रत्येकाचं नाव पुकारतो. ज्याचं नाव, त्यानं ओरडायचं, "बाहेर!" कोणी डोंगराखाली गेलेला असला, तर ज्यानं त्याला जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्यानं त्याच्या वतीनं ओरडायचं. ऐकीव गोष्टीवर ओरडायचं नाही. सगळी नावं बाहेर आल्याशिवाय काडी ओढायची नाही. हिपोलितनं हा पुकारा दुसऱ्या एका डोंगरावरून आणला. तिथे काय झालं होतं ते त्यानं कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

"आणि आत कोणी असलं तर तो काय म्हणतो?"

"तो काही म्हणत नाही. शिडीनं उतरतो, आमच्या आयांचा उद्धार करतो, मग खाली उभा राहून बाहेर म्हणतो."

"म्हणजे 'आत' असं उत्तर नाहीच?"

"नाही," मुकादम म्हणाला. "आजवर लागलं नाही."

त्या दिवशी सकाळीही पुकारा झाला होता. नीट, नियमानं. बोस्मान बाहेर, मी बाहेर, मुकादमानं स्वतःचंही नाव पुकारलं आणि स्वतःच बाहेर म्हणाला, तसं तो नेहमीच करतो. मग लुद्विक. बोस्मान ओरडला, "बाहेर! दुकानात गेलाय. काल दिवस मावळताना पोतं घेऊन उतरताना पाहिला मी."

खरं होतं. मीही माझ्या डब्याच्या, म्हणजे चाकांवरच्या राहत्या खोलीच्या, खिडकीतून त्याची पाठ पाहिली होती. दुकान ओढ्यापलीकडे, खालच्या गावात. उशीर झाला की तो दुकानदाराच्या पडवीत झोपतो आणि सकाळी तंबाखू, पाव, मीठ घेऊन वर येतो. पुकाऱ्यात काहीच चुकलं नव्हतं. मुकादमानं काडी ओढली.

मग उन्हं वर आल्यावर मी पोती झटकायला रेतोर्तांच्या मागच्या बाजूला गेले आणि शिडी पाहिली.

आमची शिडी गवतात आडवी पडलेली असते. काम झालं की आडवी करायची, नाहीतर मुकादम बोलतो. ती तिसऱ्या रेतोर्तेला टेकवलेली होती. पुढून नाही, जंगलाच्या बाजूनं. वरचं झाकण लावलेलं होतं.

मी पोती तिथेच टाकली, वाटेत बोस्मानला झाकणाचं विचारलं आणि मुकादमाकडे गेले.

"झाकण कोणी लावलं?"

"बोस्माननं. रात्री पाऊस होता ना."

"बोस्मान म्हणतो तुम्ही लावलं."

मुकादम माझ्या मागून आला. शिडीकडे पाहिलं. मग बोस्मान आणि लुद्विकच्या डब्यात जाऊन लुद्विकच्या बाकाकडे पाहिलं. घोंगडीची घडी मोडलेली नव्हती. आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे, भिजलेल्या रात्री लुद्विकला डबा आवडत नाही. आदल्या खेपेची ऊब लोखंडात उरलेली असते आणि रचलेल्या लाकडांवर, झाकणाखाली, एक माणूस आडवा होईल एवढी पोकळी असते. तिथे तो दगडासारखा झोपतो. पण उठतो पुकाऱ्याला. आजवर उठत आला होता. प्यायलेला नसला तर.

मी लोखंडी पहार उचलली. मुकादमानं माझं मनगट धरलं.

"सोडा मला."

"धूर बघ."

"सोडा म्हणते ना!"

"ब्रोन्का, धूर बघ आधी. पांढरा संपलाय. पिवळा लागलाय."

पांढरा धूर म्हणजे लाकडातलं पाणी. तो चालू असेपर्यंत झाकण काढता येतं. पिवळा लागल्यावर आत जे कोंडलेलं असतं ते वाऱ्याची वाट बघत असतं. झाकण उचललं की वारा आत जातो आणि आग बाहेर येते. मुकादमाचा डावा कान अर्धा आहे तो त्यामुळेच.

"आत कोणी असेल," तो हळू म्हणाला, "तर तो धुरानं केव्हाच गेला. झोपेतच. त्याला कळलंसुद्धा नसेल. तू उघडलंस तर तो काही बाहेर येणार नाही. तू मात्र जाशील." मग मनगट सोडून म्हणाला, "आणि कोणी नाहीये आत. खाली गेलाय तो. दुकानातून पुढे त्सिस्नाला, त्या विधवेकडे. सवय आहे त्याची. मी बघून येतो."

तो वरच्या पुलावरून वळसा घालून गेला, कारण ओढा फुगला होता. परत आला तेव्हा बरोबर सालोमेआबाई होत्या. त्यांना पत्रानं यायला त्यानंच कळवलं होतं. दुकानापाशी त्या बसमधून उतरल्या आणि त्याला नको म्हणता आलं नाही.

त्यांची बॅग उतरवून घेताना तो माझ्या कानाशी बोलला. "दुकानात आला नाही."

"आणि त्सिस्ना?"

"फोन केला. ईस्टरपासून दिसला नाही म्हणते."


वाक्यात उपयोग

"आता प्रत्येकानं एकेक वाक्य सांगा," बाई म्हणाल्या. "शब्द वापरून. मनात येईल ते."

बोस्मानला अशी संधी कोण देतं? तो एकेकाळी ग्दिन्याच्या बंदरात जहाजावर होता, म्हणून बोस्मान, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. खरं नाव त्यालाही आठवत नसेल. पाय लांब करून, चहाचा ग्लास पोटावर ठेवून तो म्हणाला, "लिहून घ्या. बायको म्हणजे रेतोर्ता. बाहेरून तापलेली दिसते, आत काय शिजतंय कळत नाही."

"आणि नवरा?"

"नवरा म्हणजे सरपण, बाई. दुसरं काय!"

बाई खळखळून हसल्या. चांगल्या बाई आहेत. मी तेव्हाही त्यांचा राग केला नाही.

"अजून एक सांगा."

"रेतोर्तेत झोपणे. हे आमच्याकडेच म्हणतात. म्हणजे अगदी गाढ. आमचा लुदेक खरंच झोपतो तिच्यात. हिचाच भाऊ, लुद्विक. म्हणतो, तुझ्या घोरण्यापेक्षा लोखंड बरं." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "सगळं खानदान विक्षिप्त. आज तो नाहीये, नाहीतर त्यालाच बोलतं केलं असतं तुमच्यासाठी. काल खाली गेला. डबा माझ्या एकट्याचा! राजा होतो मी रात्री. कडी लावून झोपलो."

"कडी कशाला? इथे चोर येतात?"

"अस्वल येतं बाई! चरबीच्या डब्यासाठी. आणि काल आलंच. तुमच्या टेपवर हे हवंच." तो सरसावून बसला. "पाऊस धो धो. आणि दाराला खर्र, खर्र. मी घोंगडीत. पुन्हा खर्र. मग दोनदा थोपटलं बघा, असं, धप धप. मी आतूनच ओरडलो, जा रे बाबा, खानावळ बंद झाली! आणि ऐकलं की हो त्यानं! गेलं गुमान. शहाणं जनावर. जाताना खोकलंसुद्धा, अगदी माणसा..."

बोस्मान थांबला.

टेपची चाकं फिरत राहिली.

"अस्वल खोकतं?" बाईंनी हसत विचारलं.

बोस्माननं माझ्याकडे पाहिलं. मग मुकादमाकडे. मग मान वळवून त्यानं तिसऱ्या रेतोर्तेकडे पाहिलं आणि तिच्या मागे टेकवलेल्या शिडीची दोन टोकं त्याला दिसली. शिडी आम्ही हलवलीच नव्हती. दोघांनाही हात लावता आला नव्हता.

"मुकादम," तो म्हणाला. "ती शिडी कोणी..."

"बस खाली."

"पण मी तर पाहिलं होतं त्याला. उतरताना पाहिलं होतं मी! पोतं होतं खांद्यावर..."

"हो रे. खरंच पाहिलं होतंस. बस."

तो बसला नाही. ग्लास पडला, तो त्यावरून तुडवत गेला, आणि मी मघाशी टाकलेली पहार त्यानं उचलली. दोघांनी मिळून त्याला गवतात पाडलं. मुकादम त्याच्या छातीवर बसला, मी हातावर. हे मी अशासाठी लिहिते की मला ते विचित्र वाटलं: मघाशी मला जे करायचं होतं, तेच करू पाहणाऱ्या माणसाचा हात मी दाबून धरला होता.

बाईंनी टेप बंद केली. त्या खट्ट आवाजाएवढा मोठा आवाज मी त्या दिवसात दुसरा ऐकला नाही.

"काय झालं?" त्या म्हणाल्या. "कृपा करून सांगा, काय झालंय?"

मीच सांगितलं.


संबंधित शब्द: लिंपणे

धूर निळा होऊन पातळ झाला, की भेगा, दार, झाकणाची कड, सगळं ओल्या मातीनं बंद करायचं असतं. माती कालवायचं काम माझं आहे. मुकादम म्हणाला, "या वेळी मी करतो."

"न लिंपली तर?" मी विचारलं.

"तर आग खात राहील. राख होईल."

"सगळ्याची?"

"सगळ्याची."

मी बादली घेतली. माती कालवली. पाणी थोडं जास्त झालं, मग वाळू घातली. दार मी लिंपलं, भेगा मी लिंपल्या, आणि झाकण लिंपायला मुकादम वर चढला तेव्हा मातीचे गोळे खालून मीच त्याच्या हातात दिले. बाई उभ्या राहून बघत होत्या. मध्येच त्यांनी खिशातला हातरुमाल काढून माझ्या कपाळावरची माती पुसली.  बरं केलं.

लोखंड तापलेलं होतं. माती लावली की चर्र होऊन वाळायची. बाहेरून मी मनात लुद्विकशी भांडत होते. असशील त्सिस्नाला तर ये वर, कान उपटते तुझे. आणि असशील आत तर थांब. थांब तिथे, मी तुला राख होऊ देत नाही.


संबंधित शब्द: निवणे

याला वेळ लागतो. घाई चालत नाही.

बोस्मान ओढ्याच्या काठानं खाली गेला, पार नदीला मिळतो तिथपर्यंत. झुडपांत काठी घालून बघत गेला. उताराच्या जागी पाणी कमरेच्या वर होतं. लुद्विक तिथवर जाऊन मागे फिरला असणार, भिजून, चढ पुन्हा चढून. पाव नाही, तंबाखू नाही, पोत्यात बहुतेक नेहमीची बाटली. डब्याला कडी. आम्ही तिघंही आता तेच चित्र बघत होतो. बोस्मान परत आला तेव्हा म्हणाला, "ओढ्यात नाही." असं सांगताना त्याचा चेहरा पडलेला होता. ओढ्यात सापडावा असं आम्हाला वाटू लागलं होतं. पाय मोडून, काठाला, ओरडत.

मुकादमानं पुन्हा फोन केले. सानोकच्या दवाखान्यात नाही. पोलिसांत कळवलं. ते म्हणाले, दारुडा असेल तर येईल, थोडी वाट बघा.

वाट तर आम्ही बघतच होतो.

बाईंची बस होती. त्या गेल्या नाहीत. माझ्या डब्यात राहिल्या, माझ्याबरोबर बटाटे सोलले, चरबी लावलेला पाव बोस्मानच्या पुढे ठेवला. त्यानं खाल्ला नाही. टेपरेकॉर्डर त्यांनी बॅगेत खाली, कपड्यांच्या खाली घातला होता. एकदा त्या म्हणाल्या, "ती टेप मी पुसून टाकते."

"नको," बोस्मान म्हणाला.  "त्यात ते आहे. मी कसं थोपटून दाखवलं ते. दोनदा. राहू द्या."

मुकादम अधूनमधून उठून लोखंडाला हाताची पालथी बाजू लावून यायचा. आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघायचो. तो मान हलवायचा. नाही. अजून नाही.

बाकीच्या तीन रेतोर्ता भरून तयार होत्या. त्यांच्याकडे कोणी गेलं नाही.


न वापरलं जाणारं रूप

लोखंड हाताला थंड लागलं त्या सकाळी धुकं होतं. मुकादमानं शिडी पुढच्या बाजूला आणून लावली. झाकणाच्या कडेची माती हातोडीनं फोडली. ती सुकी होती, तुकडे गवतात पडत राहिले. मग त्यानं झाकण सरकवलं आणि आत पाहिलं.

त्यानं हातातली हातोडी कमरेला खोचली.

उतरून आला. शिडी धरून उभा राहिला. टोपी काढली नाही, क्रुसाची खूण केली नाही. म्हणाला, "पुकारा करायचा."

"आता?" बोस्मानचा आवाज फाटला. "आता कसला पुकारा, मुकादम? काय दिसलं ते सांगा ना!"

"पुकारा झाला नव्हता त्या दिवशी. चुकीचा झाला होता. आधी तो पुरा करायचा." मग माझ्याकडे वळून, "ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं उत्तर द्यायचं. नियम आहे. मी देऊ शकतो, ब्रोन्का. मी पाहिलंय. तुला चढायची गरज नाही."

"माझा भाऊ आहे तो," मी म्हणाले.

मी चढले. शिडीची एक पायरी सैल आहे, ती मला ठाऊक आहे, तिच्यावर मी पाय दिला नाही. वर पोचले. आत पाहिलं.

चांगल्या कोळशाबद्दल मुकादमानं आधी सांगितलंच आहे.

मी उतरले नाही. वरच थांबले, दोन्ही हात कडेवर ठेवून. खाली ते तिघं उभे होते, बाई जराशा बाजूला. मुकादम दारापाशी गेला, जिथे तो नेहमी उभा राहतो, आणि सुरुवात केली.

"हिपोलित." स्वतःच म्हणाला, "बाहेर."

"बोस्मान."

उत्तर आलं नाही. मुकादमानं पुन्हा पुकारलं. "बाहेर," बोस्मान म्हणाला, जणू कोणी त्याला ते कबूल करायला लावत होतं.

"ब्रोन्का."

"बाहेर."

मग तो थांबला. थोडं वळून म्हणाला, "बाई, तुमचं नाव?"

"सालोमेआ."

"सालोमेआ."

त्यांना कळलं. "बाहेर," त्या म्हणाल्या.

धुक्यात झाडं दिसत नव्हती, फक्त रेतोर्ता दिसत होत्या, चारही, आणि त्यातली एक उघडी.

"लुद्विक," मुकादमानं पुकारलं.

बोस्माननं तोंडावर हात दाबला होता. मुकादमानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आत," मी म्हणाले.